बाईंची टायपिंग, समर्थनगर : वकिली पत्राची तीन आठवड्यांची बॅच

छत्रपती संभाजीनगरला समर्थनगरात एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. पाटीवर नाव आहे, पण ती चालवणाऱ्या बाईंनी ते कुठंही लिहायचं नाही असं बजावलंय. मशीन आठच आहेत आणि आहेत तेवढी पोरं त्यांना पुरतात. आसपास कुणालाही "बाईंची टायपिंग" विचारलं की जिना दाखवतात. मी तिथं यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन आठवडे गेले. टायपिंग शिकायला नव्हे, इंग्रजी तीस आणि चाळीसची (मिनिटाला इतके शब्द) परीक्षा मी बारावीनंतरच्या सुट्टीत दिलेली आहे. वकिली पत्र कागदावर कसं बसवायचं ते शिकायला गेले, कारण तेवढ्यावरून माझी एक नोकरी हातची गेली होती.

ते आधी सांगते, म्हणजे मी या क्लासबद्दल इतकं का लिहितेय ते कळेल.

मी सेलूची. पाच वर्षांचं लॉ संभाजीनगरलाच केलं. गेल्या नोव्हेंबरात एका मोठ्या शहरातल्या लॉ फर्मची भरतीची चाचणी दिली. ऑनलाइन होती, वेळ ४५ मिनिटं. मेलवर पाच कागद आले: मालाची ऑर्डर, दोन बिलं, एक चेक आणि तो न वटल्याचा बँकेचा मेमो. आपल्या अशिलाच्या वतीने समोरच्या पार्टीला द्यायची नोटीस फर्मच्या पत्राच्या स्वरूपात तयार करा आणि वर्डची फाइल परत पाठवा, एवढी सूचना होती. कायदा मला पाठ होता. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८, चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, ती समोरच्याला मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस. सगळं लिहिलं. चार मिनिटं शिल्लक ठेवून फाइल पाठवली.

दहा दिवसांनी नकार आला. मी विनंती केली तेव्हा त्यांच्या एचआरने गुणांचा तक्ता पाठवला, ही त्यांची भलाई. आशयाला दहापैकी साडेसात आणि मांडणीला दहापैकी दोन. खाली तीन शेरे होते. पत्र फर्मकडून गेलेलं वाटत नाही. तारीख चुकीची. सही दुसऱ्या पानावर एकटी.

तारखेचा शेरा वाचून मला रडू आलं. तारीख मी बरोबरच टाकली होती, मला शपथेवर आठवत होतं. घरी येऊन फाइल उघडली तर त्या दिवसाची तारीख! दुसऱ्या दिवशी उघडली तर दुसऱ्या दिवसाची. हे काय चाललंय ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारावं असं कुणी नव्हतं. कॉलेजात ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग हा पेपर सगळ्यांना असतो, मलाही होता. त्यात आम्ही वादपत्र, कैफियत, शपथपत्र, खरेदीखत, नोटीस, सगळं वहीत हातानं लिहून दिलं होतं. कागदावर तारीख कुठं येते, सही कुठं पडते, हे वहीच्या पानावर कळत नाही.

मधल्या काळात मी एक ऑनलाइन कोर्सही घेतला. साडेतीन हजार रुपये, सोळा व्हिडिओ, चाळीस तयार नमुने. नमुने चांगले होते, पण माझं पत्र कुणी वाचलं नाही. मी त्यांच्या नमुन्यात नावं भरत गेले आणि नमुना बाजूला केला की पुन्हा रिकामी. ज्या वकीलसाहेबांकडे मी इंटर्नशिप केली होती त्यांच्या कारकुनांनी शेवटी बाईंचं नाव सांगितलं. "आपल्या ऑफिसातल्या जुन्या नोटिसा बघितल्यास का? कपाटातल्या? त्यातल्या निम्म्या तिच्या हातच्या आहेत."

फी आहे १,८०० रुपये, तीन आठवड्यांची. वेळ सकाळी ७ ते ८:३०, रविवार सोडून. प्रिंटचे पानाला तीन रुपये वेगळे, आणि प्रिंट रोज निघते, त्यामुळं अजून तीनशे धरा. आमच्या बॅचला चौघं होतो. मी, अंबाजोगाईचा एक मुलगा आणि दोघी मैत्रिणी, त्यातली एक कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करत होती. बाकीची मशीनं सरकारी टायपिंग परीक्षेच्या पोरांना. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची ती परीक्षा ज्यांनी दिली असेल त्यांना आठवेल की तिच्यातही पत्र असतं, तक्ता असतो. मला वाटायचं पत्र येतं आपल्याला. ते पत्र म्हणजे समोरचा छापील मजकूर जसाच्या तसा उतरवणं. पाच कागद पुढ्यात टाकून पत्र कोऱ्या पानावर उभं करणं हे वेगळं काम आहे.

बाई साठीच्या पुढच्या आहेत. १९८१ साली इथं हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं तेव्हा त्या शाळा संपवत होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागल्या आणि बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. पाच कागदांत चार कार्बन घालून नोटीस काढायची: एक पार्टीला, एक अशिलाला, एक ऑफिस कॉपी, बाकी जशा लागतील तशा. एक अक्षर चुकलं तर पाचही कागदांवर खोडायचं, ब्लेडनं हलकं खरवडून, कागद फाटू न देता. त्यामुळं टाइप करायच्या आधी पत्र सगळं डोक्यात बसवायची सवय त्यांना लागली आणि शिकवतात त्याही तेच. पहिले दोन दिवस त्यांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. पेन्सिलनं कोऱ्या ए-फोर कागदावर चौकोन काढायचे. इथं लेटरहेड, इथं संदर्भ क्रमांक, इथं तारीख, इथं पाठवण्याची रीत, इथं पत्ता, इथं विषय. मग मजकुराला किती जागा उरते ते बोटानं मोजायचं.

तिसऱ्या दिवशी माझ्या नापास झालेल्या पत्राचा पेन ड्राइव्ह मी त्यांच्या हातात दिला. हा दिवस मी विसरणार नाही.

त्यांनी फाइल उघडली आणि आधी वर्डमधलं ते उलट्या पी सारखं चिन्ह दाबलं. मी ते बटण पाच वर्षं बघत होते, कधी दाबलं नव्हतं. दाबल्याबरोबर माझं पत्र ठिपक्यांनी भरून गेलं. जिथं जिथं मी स्पेस दाबली होती तिथं एकेक ठिपका.

"तारखेच्या आधीचे ठिपके मोज."

मी मोजले. एकसष्ट.

"एकसष्टदा स्पेस दाबून तारीख उजवीकडं नेलीस. तुझ्या मशीनवर ती बरोबर बसली. त्यांच्या मशीनवर फाँट वेगळा असला की काय होईल?" त्यांनी सगळं सिलेक्ट करून फाँट बदलला. तारीख तुटली, साल खालच्या ओळीवर येऊन पडलं. पत्ता सरकला. आणि मी एंटर दाबदाबून खाली नेलेली सही, फक्त सही आणि नाव, दुसऱ्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसली. शेऱ्यात लिहिलं होतं तस्सं.

मग त्यांनी तारखेवर क्लिक केलं. तारीख करड्या रंगाची झाली. "ही तू लिहिली नाहीस. ही मशीननं लिहिलीय आणि रोज नवी लिहायलीय." वर्डमध्ये तारीख घालताना आपोआप बदलत राहण्याच्या चौकटीत खूण राहिली होती. म्हणजे मी पत्र पाठवलं एका तारखेला आणि तपासणाऱ्यानं आठवड्यानं उघडलं तेव्हा त्यावर आठवड्यानंतरची तारीख. १३८ च्या नोटिशीत सगळा हिशोब दिवसांचा असतो. तीस दिवसांच्या आत मागणी गेली की नाही हे त्या कागदावरून बघतात. तपासणाऱ्याला दिसलं असेल की या मुलीनं मुदत उलटून गेल्यावरची तारीख टाकलीय. त्यानं दोन गुण दिले, हेच जास्त झाले असं मला त्या क्षणी वाटलं आणि मनातला तीन महिन्यांचा राग गेला.

पण बाईंनी सगळ्यात जास्त वेळ लावला तो पहिल्या शेऱ्यावर: पत्र फर्मकडून गेलेलं वाटत नाही.

माझ्या पत्रात वर डावीकडे 'फ्रॉम' करून फर्मचं नाव-पत्ता होता. मग 'टू,' आणि स्वल्पविराम. मग 'सब्जेक्ट'. मग 'रिस्पेक्टेड सर'. शेवटी 'थँकिंग यू'. आमच्याकडं प्रेषक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू असा अर्ज पाचवीपासून शिकवतात. मी तोच इंग्रजीत उतरवला होता. बाई म्हणाल्या, "तू अर्ज लिहायलीस. अर्ज करणारा खिडकीबाहेर उभा असतो. तुझा अशील मागायला गेलेला नाही, त्याचे पैसे समोरच्याकडं आहेत. आणि लिहिणारी तू पण नाहीस, फर्म आहे. फर्मचं नाव लेटरहेडवर असतंय, ते परत 'फ्रॉम' मध्ये कशाला?"

हे ऐकून मला माझे वडील आठवले. ते सेलूला तहसीलच्या आवारात टेबल टाकून अर्ज लिहितात, तीसएक वर्षं झाली. कागदाची डावी बाजू चार बोटं दुमडून समास धरतात आणि दुमडीच्या रेघेवरून लिहायला सुरू करतात. वारसाची नोंद, फेरफार, रस्त्याची तक्रार, दुष्काळाचं अनुदान. त्यांच्या अर्जात 'विनंती' हा शब्द तीनदा येतो आणि तो तीनदा यायलाच लागतो, कारण ज्याच्यासाठी लिहितात त्याच्या हातात विनंतीशिवाय काही नसतं. माझ्या हाताला ते वळण तिथूनच लागलं. त्या वळणाची मला लाज नाही. पण ते वळण नोटिशीत चालत नाही हे मला चोविसाव्या वर्षी, १,८०० रुपये भरून कळलं. कॉलेजात कळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

तिथून पुढं एकेक चौकोन आम्ही घेत गेलो. पत्त्याचा चौकोन मला सोपा वाटायचा, त्यावर दोन दिवस गेले. भागीदारी पेढी असेल तर मेसर्स लिहायचं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला मेसर्स नाही, तिथं कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव आणि खाली कुणाच्या लक्षासाठी ते. एकट्या मालकाचं दुकान असेल तर माणसाचं नाव आधी, प्रोप्रायटर म्हणून दुकान मागून, कारण दावा माणसावर होतो, पाटीवर होत नाही. एकापेक्षा जास्त जणांना जात असेल तर पत्त्यांना क्रमांक. आणि चेकवर, बिलावर जे स्पेलिंग आहे तेच. आपल्याला वाटलं म्हणून जाधवचं स्पेलिंग सुधारायचं नाही.

गावांच्या नावांचा प्रश्न मराठवाड्यातल्या पोरांना पडतोच. ऑर्डर २०१९ ची, त्यावर औरंगाबाद. आजचा पत्ता छत्रपती संभाजीनगर. धाराशिवचंही तसंच. दोन्ही जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली. बाईंची रीत अशी की पत्त्याच्या चौकोनात आजचं नाव आणि पिन कोड, पण जुन्या कागदाचा उल्लेख करताना त्या कागदावर जे छापलंय तेच. खंडपीठाचं नाव कोर्टाच्या कागदांवर औरंगाबाद असंच येतं, तर तिथं औरंगाबाद. यात आपलं मत घालायचं नाही. चाचणीत असा कागद आला तर तपासणारा हेच बघत असेल की मुलगी समोरचा कागद नीट वाचते का, असं त्यांचं म्हणणं.

'डिअर सर' ने सुरू केलं तर खाली 'युवर्स फेथफुली'. नाव घेऊन सुरू केलं, डिअर मिस्टर अमुक, तर 'युवर्स सिन्सिअर्ली'. विषयाची ओळ संबोधनाच्या वर की खाली, याबद्दल सरकारी पत्रांची रीत वेगळी आणि फर्मांची बहुतेक वेगळी असते. प्रश्नपत्रिकेसोबत फर्मनं नमुना दिला असेल तर तो अंतिम, नसेल तर एक रीत धरायची आणि शेवटपर्यंत मोडायची नाही. सगळा मजकूर डाव्या समासाला चिकटवायचा की पॅराची पहिली ओळ आत घ्यायची, तेही तसंच. दोन्ही चालतात, मिसळलेलं चालत नाही. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, पण हातानं टाइप करून नाही, यादीच्या सोयीतून. मध्ये एक परिच्छेद घुसवावा लागला तर पुढचे आपोआप बदलतात आणि 'वर परिच्छेद चारमध्ये म्हटल्याप्रमाणे' हे वाक्य मात्र आपल्याला शोधून बदलावं लागतं. इथं मी रोज चुकत होते, आता चुकत नाही.

रक्कम आकड्यात आणि अक्षरात. 'रु.' ओळीच्या टोकाला आणि ४,७५,००० पुढच्या ओळीवर असं कधी व्हायला नको. त्यासाठी कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेस दाबायची, म्हणजे दोन्ही चिकटून राहतात. चेकची रक्कम वेगळी मागायची, व्याज आणि नोटिशीचा खर्च मागायचाच असेल तर वेगळ्या वाक्यात, म्हणजे चेकची मागणी किती रुपयांची ते वाचणाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे. माझ्या एका सरावाच्या पत्रात मी 'या नोटिशीच्या तारखेपासून १५ दिवसांत' लिहिलं होतं. बाई वकील नाहीत, त्यांनी तिथंच पेन्सिल ठेवली. "पंधरा दिवस लिहिल्यापासून की मिळाल्यापासून?" मिळाल्यापासून. मला माहीत होतं आणि तरी हातून तसं उतरलं होतं. बावीस वर्षं नोटिसा टाइप करणाऱ्या बाईच्या डोळ्याला जे खटकतं ते खटकू द्यावं.

'विदाउट प्रेज्युडिस' (आपल्या हक्काला बाधा न आणता) बद्दलही त्यांनी एक पूर्ण सकाळ घेतली. आपल्याकडं बरेच जण प्रत्येक पत्राच्या डोक्यावर हे टाकतात, भारदस्त दिसतं म्हणून. ते तडजोडीच्या बोलणीचं पत्र असतं तेव्हाचं. जी नोटीस उद्या आपणच कोर्टात दाखल करणार तिच्यावर त्याचं काय काम? अंबाजोगाईच्या मुलानं वाद घातला की त्याच्या मामांच्या ऑफिसात सगळ्यांवर असतं. बाई म्हणाल्या, "मामांना चाचणी द्यायची नाही." हे मी नंतर पुस्तकातून ताडून घेतलं, बाईंचं बरोबर होतं.

पाठवण्याच्या रीतीची ओळ त्यांनी स्वतः बदलून घेतली आहे. जुन्या सगळ्या नमुन्यांवर 'बाय आरपीएडी' (पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं) असायचं. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तर त्यांच्या नमुन्यात आता स्पीड पोस्ट आणि पोच अशी ओळ आहे. या वयात एवढं लक्ष ठेवणारं माणूस शिकवायला असणं ही मला मोठी गोष्ट वाटते. कोर्टात दाखल करायच्या कागदाचे नियम वेगळे, ही गल्लतही त्या होऊ देत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या परिपत्रकात ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन १४, दीड ओळीचं अंतर, डावी-उजवीकडे चार सेंटिमीटर समास असं सगळं दिलंय. ते याचिकेसाठी. पत्राला तसं केलं तर एका पानाचं पत्र तीन पानांवर पसरतं. पत्राला ११ किंवा १२, एका ओळीचं अंतर, परिच्छेदांमध्ये थोडी मोकळी जागा, चारी बाजूंनी इंचभर.

चाचणीच्या वेळेची वाटणी ही मला या क्लासची सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटली. कागद वाचून झाले की पहिली पाच मिनिटं मजकूर लिहायचाच नाही. आधी सांगाडा टाइप करायचा: संदर्भ, तारीख, पाठवण्याची रीत, पत्ता, संबोधन, विषय, मग थेट शेवट, फर्मसाठी सही, सहपत्रांची (सोबत जोडलेल्या कागदांची) यादी, प्रत कुणाला. पत्र डोक्यापासून पायापर्यंत उभं झालं की मग पोटात शिरायचं. वेळ संपली आणि मजकूर एक परिच्छेद कमी पडला तरी पत्र पूर्ण दिसतं. सहपत्रं आधी टाइप केल्यामुळं दुसरा फायदा असा की मजकुरात एखाद्या कागदाचा उल्लेख राहिला तर यादी बघून लक्षात येतं. शेवटची सात मिनिटं प्रिंट प्रिव्ह्यूला. सही पुढच्या पानावर जात असेल तर तिच्याबरोबर मजकुराच्या निदान दोन ओळी गेल्याच पाहिजेत, सही एकटी सोडायची नाही. दुसऱ्या पानाच्या डोक्यावर पत्त्यातलं नाव, तारीख आणि पान क्रमांक. हे सगळं त्या घड्याळ लावून करून घेतात. माझं पहिलं पत्र ७० मिनिटांत झालं होतं, शेवटचं ४१ मिनिटांत.

सरावाचे कागद त्या स्वतः तयार करतात आणि सगळे आपल्याकडचे असतात. लातूरच्या डाळ मिलचा न वटलेला चेक, जालन्याच्या बियाण्याच्या दुकानदारानं उगवण न झाल्याची तक्रार फेटाळली त्यावर शेतकऱ्याची नोटीस, परभणीच्या जिनिंगनं कापसाचे पैसे अडवले ते. मोंढ्यातली (धान्याच्या बाजारातली) हिशोबपट्टी इंग्रजी पत्रात सहपत्र म्हणून कशी नोंदवायची हे मला दुसऱ्या कुठल्याही कोर्सनं शिकवलं नसतं. शेवटच्या आठवड्यात अशिलाला द्यायच्या सल्ल्याचं पत्र आलं. त्याचा सूर अगदी वेगळा. तिथं कलमांची रांग लावायची नाही, पहिल्याच परिच्छेदात त्याला काय करायचंय आणि कधीपर्यंत ते सांगायचं. त्यावर चारच दिवस मिळाले, ते कमी पडले.

आता ज्या गोष्टी बऱ्या नाहीत त्या. मशीनवर वर्ड जुनं आहे, २०१० चं. चाचणीत नवं असतं आणि काही बटणं जागच्या जागी सापडत नाहीत, घरी वेगळा सराव करावा लागतो. इन्व्हर्टर चारच मशीनला आहे. मार्चमध्ये दोनदा वीज गेली आणि माझं अर्धं पत्र गेलं. मेलमधून पत्र पाठवताना मेलचा मजकूर कसा लिहावा, फाइलला नाव काय द्यावं, पीडीएफ करावी की वर्ड ठेवावी, याचं शिक्षण जवळजवळ नाही, आणि ते आता लागतं. बाईंनी पहिल्यांदा ऐकून घेतलं नाही, शेवटच्या आठवड्यात एक तास दिला. गाडी लावायला जागा नाही. जिना अंधारा आणि उंच पायऱ्यांचा आहे, पाय दुखणाऱ्या माणसाला अवघड. बाईंचा आवाज मोठा आहे आणि चूक झाली की सगळ्यांसमोर बोलतात. आमच्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मला त्याचं वाईट वाटलं, कारण तिला गरज माझ्याइतकीच होती. बाईंनी हे थोडं सांभाळावं असं मी त्यांनाही सांगितलंय.

ज्यांचा कायदाच कच्चा आहे त्यांनी इथं जाऊन उपयोग नाही, बाई कायदा शिकवत नाहीत. ज्यांना टायपिंग येत नाही त्यांनी आधी तीसचा वेग आणावा, नाहीतर ४५ मिनिटं अक्षरं शोधण्यात जातात. ज्यांचं शिक्षण मराठीतून झालंय, कायदा येतो, इंग्रजी वाचता येतं, पण कोरं पान समोर आलं की हात आपोआप अर्जाकडं वळतो, त्यांनी नक्की जावं.

एप्रिलमध्ये मी पुण्याच्या दुसऱ्या एका फर्मची चाचणी दिली. त्यांच्या ऑफिसात, तासाभराची. अशिलाला सल्ल्याचं पत्र आणि सोबत समोरच्या वकिलाला दोन परिच्छेदांचं उत्तर. आदल्या रात्री प्रवास करून गेले होते, झोप झाली नव्हती, पण कागद हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं मी फक्त सांगाडे उभे केले आणि शेजारचा मुलगा भराभर टाइप करत असताना मला घाई वाटली नाही. सगळं झाल्यावर ते उलट्या पीचं बटण दाबून ठिपके बघितले. तारीख हातानं लिहिलेली होती. पुढं दोन मुलाखती झाल्या आणि माझी निवड झाली, जुलैपासून रुजू व्हायचंय.

वडिलांना मी सरावातलं एक पत्र दाखवलं, लातूरच्या डाळ मिलचं. त्यांना इंग्रजी फार येत नाही. त्यांनी कागद उजेडाकडं धरून समास बघितला, सहीची जागा बघितली आणि म्हणाले, "हे देणाऱ्याचं वाटतंय, मागणाऱ्याचं नाही." मी त्यांना बाईंचं बोलणं सांगितलेलं नव्हतं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नक्की तारीख जिन्याखालच्या फळ्यावर लिहिलेली असते. फोनवर बाई फी सांगत नाहीत, जाऊन बोलावं लागतं, सकाळी साडेआठनंतर. स्वतःचं जुनं पत्र पेन ड्राइव्हवर घेऊन जा. एखाद्या ऑफिसातली खरी नोटीस सरावाला नेणार असाल तर तिच्यातली नावं, पत्ते, खाते क्रमांक आधी काळ्या शाईनं खोडून न्या. नावं दिसत असली तर बाई तो कागद हातात घेत नाहीत, उलटा करून परत देतात.